संगणक-कक्षातील रिकामी खुर्ची

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणक-कक्ष उभारणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अनुदान मंजूर होते, निविदा निघतात, यंत्रे येतात, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते आणि कोणा मान्यवराच्या हस्ते कक्षाचे उद्घाटन पार पडते. या साऱ्या व्यवहारात एका प्रश्नाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. या खोलीत वाचकाच्या मदतीला कोण बसणार? त्याची अर्हता काय, त्याने करावयाचे काम कोणते, त्याचे वेतन कोणत्या शीर्षाखाली निघणार आणि तो तेथे किती वर्षे टिकणार? वरवर पाहता हा प्रश्न कचेरीचा वाटतो. म्हणूनच भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की, या खुर्चीत कोण बसतो यावर विज्ञानशाखांपेक्षाही आपला अभ्यास अधिक अवलंबून आहे. आणि तेथे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतलेला, किमान दोन भारतीय भाषा व त्यांच्या लेखनपद्धती जाणणारा आणि कायम नेमणुकीचा माणूस असला पाहिजे.

विवेचनाच्या सोयीसाठी रायपूर हे नगर समोर ठेवतो. त्यामागे कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली छत्तीसगढ आले तेव्हापासून १८५४ पर्यंत या प्रदेशाच्या कारभारावर मराठीची आणि मोडी लिपीची छाया होती. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली पेंड्र्याहून काढणारे आणि पुढे रायपुरात राहिलेले माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेला. जवळच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. १९६४ साली स्थापन झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाचे ग्रंथालय पंडित सुंदरलाल शर्मा यांचे नाव धारण करते, आणि सुंदरलाल शर्मा हे छत्तीसगढीत काव्यरचना करणारे कवी होते. हिंदी, छत्तीसगढी, मराठी, ओडिया, हलबी, गोंडी अशा भाषांच्या संगमावर वसलेल्या या नगरात ग्रंथालयाच्या संगणकासमोर बसणारा वाचक कोणत्या भाषेतला प्रश्न घेऊन येईल, हे आधी सांगता येत नाही. येथे जी अडचण ठळकपणे दिसते तीच वाराणसी, हैदराबाद किंवा बडोदा येथे थोड्याफार फरकाने असणार. पुढील विवेचन कोणा एका ग्रंथालयावर ठपका ठेवण्यासाठी नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

अडचण नेमकी कशी उद्भवते, ते उदाहरणांनी पाहू. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला टिळकांचे मूळ 'गीतारहस्य' आणि सप्र्यांचा अनुवाद यांची तुलना करावयाची आहे. दोन्ही ग्रंथ इतके जुने आहेत की त्यांच्या छायाप्रती संगणकावर मिळण्यास कायद्याची आडकाठी नाही. सरकारी पुढाकाराने चाललेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात भारतीय भाषांतील काही लाख ग्रंथांच्या प्रतिमा तयार झाल्या. त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. मात्र त्यातील बराचसा संग्रह आज इंटरनेट अर्काइव्हवर पाहावयास मिळतो. परंतु या संग्रहाची सूची पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीत आणि कोणत्याही एका लिप्यंतरपद्धतीचे बंधन न पाळता केलेली आहे. 'गीता' हा शब्द कोणी एका 'आय'ने लिहिला आहे, कोणी दोन 'ई' जोडून. 'रहस्य' कधी जोडलेले, कधी तोडलेले. ग्रंथकर्त्याचे आडनाव कधी आधी, कधी नंतर, कधी गाळलेलेच. कित्येक मराठी ग्रंथ हिंदी म्हणून आणि हिंदी ग्रंथ संस्कृत म्हणून नोंदलेले आढळतात. ज्याला हे ठाऊक आहे तो पाच प्रकारे शोध घेतो आणि ग्रंथ मिळवतो. ज्याला ठाऊक नाही तो एकदा शोधून 'उपलब्ध नाही' असा निष्कर्ष काढतो. तो निष्कर्ष पुढे प्रबंधात उतरतो आणि तेथून दुसऱ्या प्रबंधात जातो. ग्रंथ असूनही नसल्यासारखा होतो.

दुसरे उदाहरण मराठीच्या लेखनाचे. १९६२ साली मराठीचे नवे लेखनविषयक नियम स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात 'नाही' या शब्दावर अनुस्वार आहे, 'करू' या शब्दावरही आहे. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या नियतकालिकांच्या संग्रहात आजच्या लेखनाने शोध घेणाऱ्याच्या हाती अर्धाच मजकूर लागतो, आणि उरलेला अर्धा निसटला आहे याची त्याला कल्पनाही नसते. हे सांगण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मराठी लेखनाचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

तिसरे उदाहरण लिहिण्याचे. हिंदी प्रदेशातील बहुतेक टंकलेखक जुन्या टंकयंत्राच्या क्रमावर आणि कृतिदेवसारख्या फाँटवर तयार झालेले असतात. त्यांच्या हाताखाली मराठी मजकूर गेला की 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेद नाहीसा होतो. 'आचाऱ्यास' बोलावले की आचार्य येऊन उभे राहतात. वास्तविक इन्स्क्रिप्ट कळफलकावर जी कळ 'र' उमटवते तीच शिफ्टसह दाबली असता 'ऱ' उमटतो, त्यापुढे हलन्त आणि 'य' दिला की काम होते. 'ॲ' या मराठी अक्षराला २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले आहे, मोडी लिपीला २०१४ साली. साधने आहेत. ती शेजारी उभे राहून दाखवणारा माणूस मात्र असतोच असे नाही. मग विद्यार्थी बाजारातील टंकलेखकाकडे जातो, पानामागे पैसे मोजतो आणि स्वतःच्या भाषेतील प्रबंध स्वतः न लिहिताच सादर करतो.

याचा परिणाम प्रबंधाच्या बांधणीपाशी थांबत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच. डी. प्रबंधांची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट या केंद्राकडे देण्याची पद्धत आली आणि 'शोधगंगा' हा प्रचंड संग्रह उभा राहिला. त्यात भारतीय भाषांतील प्रबंधांची संख्या मोठी आहे. पण जो प्रबंध कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये लिहिला गेला, अथवा कागदी पानांची छायाचित्रे घेऊन चढवला गेला, त्याचा मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग किंवा नुसती चित्रे असतात. २०१८ साली आयोगाने वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम केले, २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेखाली तपासणीची प्रणाली विद्यापीठांना मिळू लागली आणि ही तपासणी पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयाकडे आली. जुन्या फाँटमधील प्रबंध या प्रणालीत घातला तर साम्य शून्याजवळ दाखवले जाण्याचा संभव असतो. ते शून्य प्रामाणिकपणाचे प्रमाण नव्हे. तपासणीच्या अहवालावर ज्याची सही होते त्याला एवढे तरी कळले पाहिजे. कळत नसेल तर भारतीय भाषांच्या विभागांत चौर्याची तपासणी हा केवळ एक विधी ठरतो, आणि प्रामाणिक संशोधकाला त्यापासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

आता त्या खुर्चीकडे वळू. आज ठिकठिकाणी तीन प्रथा दिसतात. पहिलीत कक्ष संगणक-केंद्राच्या ताब्यात असतो आणि तेथील तंत्रज्ञ त्यावर देखरेख करतो. यंत्र बंद पडले तर तो चालू करील; पण मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत, हे सांगणे त्याच्या कामाचा भाग नाही. दुसऱ्या प्रथेत कक्ष एखाद्या एजन्सीकडे आउटसोर्सिंगने सोपवलेला असतो. एजन्सीने पाठवलेला तरुण अनेकदा हुशार व तत्पर असतो. परंतु कंत्राट अकरा महिन्यांचे असते, वेतन तुटपुंजे असते, आणि वाचकांच्या गरजा त्याला कळू लागतात तोवर तो दुसरीकडे गेलेला असतो. त्याच्यासोबत त्याला अवगत झालेले सारे ज्ञान जाते. दर वर्षी ग्रंथालय नव्याने अज्ञ होते. तिसऱ्या प्रथेत किल्ली शिपायाकडे असते. तो कुलूप उघडतो, वहीत सह्या घेतो आणि पाचच्या ठोक्याला दिवे मालवतो. या तिघांचाही दोष नाही. त्यांना जे काम सांगितले ते ते करतात. वाचकाचा प्रश्न ऐकून घेण्याचे काम कोणालाच सांगितलेले नाही.

ही स्थिती नियमांच्या रचनेतूनही आली आहे. आयोगाच्या २०१८ च्या अर्हताविषयक विनियमांत ग्रंथपाल, उपग्रंथपाल व सहायक ग्रंथपाल यांच्या पात्रता सांगितल्या आहेत आणि ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची जाण त्यांत अपेक्षित धरली आहे. म्हणजे संगणक जाणणे ही पदावर येण्याची अट आहे; पण पदावर आल्यानंतर दिवसातील काही तास वाचकाजवळ संगणकासमोर बसणे हे कर्तव्य म्हणून कोणाच्या वाट्याला येत नाही. शिवाय यंत्रे अनावर्ती खर्चातून घेता येतात, त्यांची संख्या अहवालात दाखवता येते, मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे त्यांच्या रांगा उभ्या करता येतात. माणसाचे वेतन हा आवर्ती खर्च. त्याला मंजूर पद लागते, भरतीला वर्षे लागतात, आणि त्याने वाचकाला केलेली मदत कोणत्याही तक्त्यात मावत नाही. यंत्र सहा वर्षांत जुने होऊन निर्लेखित होते, तर चांगला संदर्भ-ग्रंथपाल सहा वर्षांत नुकता कोठे जाणता होऊ लागतो. खर्चाचा विचार करताना हा फरक कोणी मांडत नाही.

आपल्या परंपरेत याहून शहाणपणाची उदाहरणे आहेत. सयाजीराव गायकवाडांना बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायचे होते, तेव्हा १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. इमारती आणि कपाटे यांच्या बरोबरीने माणसे घडवण्याची व्यवस्था झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत या पहिल्याच नियमाचा विस्तार करताना त्यांनी ग्रंथालयाची जागा, उघडे राहण्याच्या वेळा, सामानसुमान आणि सेवकवर्ग अशा चारही अंगांचा विचार केला आहे. संगणक-कक्षाला हा नियम लावून पाहिला, तर आपण पहिली तीन अंगे कशीबशी सांभाळली आणि चौथे सोडून दिले, असेच दिसून येईल.

मग कक्षाची व्यवस्था कशी असावी? साधा हिशेब करू. कक्ष सकाळी आठ ते रात्री आठ आणि आठवड्यातून सहा दिवस उघडा ठेवायचा तर आठवड्याचे बहात्तर तास होतात. एका माणसाच्या कामाचे तास चाळीसच्या आसपास. रजा, आजारपण, परीक्षेची कामे धरली तर दोन पूर्णवेळ माणसे कमीत कमी लागतात आणि तरीही काही वेळ उघडा पडतो. हे दोघे ग्रंथालयाचेच असावेत. त्यांतील एक सहायक ग्रंथपालाच्या दर्जाचा असावा, आणि त्याच्या निवडीत दोन भारतीय भाषांचे प्रत्यक्ष लेखन, जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची रीत आणि भाषाविषयक संग्रहांची माहिती यांची परीक्षा घ्यावी. यंत्रांची दुरुस्ती हे वेगळे काम आहे. त्यासाठी संगणक-केंद्राचा तंत्रज्ञ बोलावताच येईल अशी लेखी व्यवस्था पुरेशी आहे. उघडा पडणारा वेळ भाषा-विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भरून काढावा, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही कल्पना महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पुढे चालवली. ती रायपुरात का चालू नये? गरियाबंद किंवा महासमुंदहून आलेल्या आणि छत्तीसगढीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच बोलीत समजावून सांगणारा वरिष्ठ विद्यार्थी हा कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल. मात्र विद्यार्थी-साहाय्यकांना स्वस्तातले कर्मचारी समजून मंजूर पदे रिकामी ठेवण्याची पळवाट येथे निघता कामा नये.

वेळ आणि जागा यांच्या वाटपाचा प्रश्न रायपुरात विशेष बिकट आहे. २०१८ साली शहरात नालंदा परिसर हे रात्रंदिवस उघडे राहणारे वाचनालय सुरू झाले आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी ते भरून गेले. अभ्यासाला शांत जागा आणि चालू संगणक मिळावा ही केवढी भूक या शहरात आहे, हे त्यावरून कळते. हीच भूक विद्यापीठाच्या संगणक-कक्षातही येते. लोकसेवा आयोगाचे किंवा व्यापमंचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तेथे रांग लागली, तर त्या रांगेला हुसकावून लावणे मला मान्य नाही. अर्ज भरणारा मुलगाही वाचकच आहे, आणि कदाचित त्या निमित्ताने तो प्रथमच ग्रंथालयात आलेला असतो. परंतु दीड तासात संपणारे काम आणि दीड महिना चालणारे काम यांना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे. वीस यंत्रे असतील तर पाच यंत्रे संशोधनासाठी राखून ठेवावीत, तेथे वेळेची मर्यादा नसावी, आणि त्यांतील निदान दोन यंत्रांना प्रतिमा टिपणारे स्कॅनर जोडलेले असावेत. एका यंत्रावर पडदा वाचून दाखवणारी प्रणाली हवी. दृष्टिहीन वाचकांसाठी एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य मिळते आणि ती मराठी व हिंदी मजकूरही वाचते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही गोष्ट दयेची राहिलेली नाही.

सह्यांच्या वहीविषयीही काही सांगणे अवश्य आहे. २०११ साली सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने नियम केले आणि ग्राहकांची ओळख व वापराच्या नोंदी राखण्याचे बंधन त्यांवर घातले. ग्रंथालयांनीही त्याच धर्तीवर वह्या ठेवल्या. कोण आला व किती वेळ बसला एवढी नोंद यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी समजण्याजोगी आहे. पण त्याने काय वाचले याची नोंद ग्रंथालयाने ठेवू नये. वाचकाने काय वाचले हे तिसऱ्याला न सांगणे हा ग्रंथपालाच्या व्यवसायाचा जुना धर्म आहे, आणि बस्तरच्या प्रश्नांवर संशोधन करणाऱ्या अभ्यासकाला या धर्माची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहितीचा संग्रह गरजेपुरता ठेवण्याची दिशा दाखवली आहे. वाचक उठताच यंत्रावरील त्याच्या खुणा पुसल्या जाव्यात, घाईत उघडी राहिलेली त्याची टपालपेटी पुढच्याच्या हाती लागू नये, अशी रचना करणे अवघड नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक केली पाहिजे. त्या खुर्चीत माणूस हवा याचे हे आणखी एक कारण.

देखभालीची बाब थोडक्यात आटोपतो. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांची काळी धूळ रायपूरकरांच्या परिचयाची आहे; ती गच्चीवर साचते तशी कळफलकात आणि पंख्यातही साचते. वैशाखातील उन्हाळा वातानुकूलनाविना यंत्रांना मानवत नाही. बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. खरेदीच्या वेळीच पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा करार आणि त्यासाठीची तरतूद नसेल, तर वीसांपैकी आठ यंत्रांवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी झळकण्यास फार काळ लागत नाही. रोज सकाळी प्रत्येक यंत्र चालू करून पाहणे आणि आठवड्यातून एकदा धूळ काढणे, ही दोन कामे कोणाच्या तरी नावे लिहिलेली असली की यातील निम्मा त्रास टळतो.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जाईल : आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग हे कक्ष हवेत कशाला? आक्षेप वजनदार आहे, परंतु तो वाचनापुरता. तीनशे पानांचा प्रबंध, त्याच्या तळटीपा आणि सूची कोणी बोटभर पडद्यावर रचत नाही. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना या कक्षाची गरज कमी भासते, आणि धोरणे ठरवणारे बहुधा त्यांच्यापैकीच असतात. दुसरा आक्षेप नव्या यंत्रबुद्धीच्या नावाने येतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र सफाईदार मराठीत देत असताना मधल्या माणसाचे काय काम? ज्यांनी अशा यंत्रांकडे मराठी ग्रंथांचे संदर्भ मागून पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, ती कधीकधी अस्तित्वात नसलेला ग्रंथ, त्याचा प्रकाशक आणि वर्ष असे सर्व काही ठामपणे सांगतात. ज्या भाषांची सामग्री संगणकावर विपुल आहे तेथे ही चूक पडताळणे सोपे जाते. हलबीसारख्या भाषेच्या बाबतीत पडताळणार कशाशी? ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात, हलबीचे नमुने आहेत. ते तेथे का आहेत आणि तो निर्णय आज कितपत ग्राह्य धरावा, हे सांगणारा जाणकार जवळ असेल तरच यंत्राच्या उत्तराचे मोल ठरवता येईल. यंत्र जसजसे बोलके होत जाईल तसतशी पडताळून पाहणाऱ्याची गरज वाढेल.

तिसरा आक्षेप पैशाचा. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके असा तिचा पसारा आहे. केंद्राच्या तशाच राज्यांच्या सरकारी उच्चशिक्षण संस्थांना २०२५ पासून तिचा लाभ मिळू लागला. ही योजना स्वागतार्ह आहे. पण तिच्यातील नियतकालिके प्रायः इंग्रजी आणि बहुतांशी विज्ञानाची आहेत. भारतीय भाषांतील सामग्रीला प्रकाशकाची वर्गणी क्वचितच लागते. ती बरीचशी फुकट, विखुरलेली आणि सदोष सूचीत दडलेली आहे. तेथे पैसा वर्गणीवर नव्हे तर ती सामग्री शोधून देणाऱ्या माणसावर खर्च व्हावा लागतो. इंग्रजी नियतकालिकांसाठी देश एवढी रक्कम उभी करू शकत असेल, तर प्रत्येक विद्यापीठात भारतीय भाषांच्या दोन संदर्भ-ग्रंथपालांचे वेतन ही अशक्य मागणी मानता येणार नाही.

ही मागणी करायची कोणी? ग्रंथपालांनी ती केली तर ती कर्मचाऱ्यांची मागणी म्हणून फायलीत जाते. ती भाषा-विभागांकडून आली पाहिजे. ग्रंथालय-समितीवर आपले प्रतिनिधी असतात. त्यांनी नव्या यंत्रांच्या प्रत्येक प्रस्तावाला, 'तेथे कोण बसणार?' हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत संमती देऊ नये. अभ्यासमंडळांनी एम. ए. च्या अभ्यासक्रमात युनिकोडमधील लेखन व संगणकीय संग्रहांचा शोध यांचा समावेश करून ते प्रात्यक्षिक या कक्षात घ्यावे, म्हणजे कक्षावर विभागाचा हक्क राहील. संशोधन-प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात यंत्रांसोबत विद्यार्थी-साहाय्यकाच्या मानधनाची बाब घालावी. आणि ज्या ग्रंथपालाच्या मदतीने प्रबंध उभा राहिला त्याचे नाव ऋणनिर्देशात मार्गदर्शकाच्या खालोखाल यावे, ही प्रथा आपणच पाडली पाहिजे. तक्त्यात न मावणाऱ्या कामाची तेवढीच नोंद आज आपल्या हाती आहे.

भोसलेकालीन मोडी कागद, सप्र्यांची मासिके, सुंदरलाल शर्मांची छत्तीसगढी रचना, ग्रियर्सनने टिपलेली हलबी, या सर्वांचा एकत्र अभ्यास करू शकेल असा विद्यार्थी रायपूरसारख्या नगरातच निपजण्याचा संभव अधिक. तो आज त्या कक्षात येऊन एखाद्या चालू यंत्रासमोर बसतही असेल. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी तेथे नसले, तर तो तासाभराने सही करून निघून जाईल, आणि आपल्याला त्याचे नावही कळणार नाही.